‘ॲलर्जी आहे’ म्हणण्याआधी आणि ऐकल्यानंतर



जून महिन्यात नवा वर्ग हातात आला की पहिल्या पंधरा दिवसांत डब्याविषयीच्या सूचना यायला लागतात. ‘मॅडम, याला दूध चालत नाही.’ ‘हिला शेंगदाणे देऊ नका, ॲलर्जी आहे.’ ‘अंडं आम्ही बंदच केलंय.’ कामोठ्यासारख्या ठिकाणी तर डब्यांचा अख्खा महाराष्ट्र एका वर्गात बसलेला असतो. साताऱ्या-सांगलीकडची शेंगदाण्याची चटणी, खानदेशातलं भरीत, कोकणातलं नारळाचं वाटण, आणि इथल्या मूळच्या आगरी घरातलं सुकट. अशा वर्गात ‘ॲलर्जी’ हा शब्द आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतोच.

या शब्दाबद्दलच आज लिहायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: हा शब्द सध्या दोन्ही बाजूंनी चुकीचा वापरला जातो. जिथे ॲलर्जी नाही तिथे तो सहज चिकटवला जातो, आणि जिथे ती खरोखर आहे तिथे ‘नखरे आहेत’ म्हणून उडवून लावला जातो. पहिल्या चुकीत मुलाच्या ताटातलं चांगलं अन्न जातं. दुसऱ्या चुकीत मुलाच्या जिवाशी खेळ होतो. आणि दोन्ही वेळा निर्णय मोठ्यांचा असला तरी भोगायचं मुलालाच असतं.

शब्दाचा नेमका अर्थ

‘ॲलर्जी’ हा शब्द एका बालरोगतज्ज्ञानेच घडवला आहे. व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये तो पहिल्यांदा वापरला. शरीराची प्रतिक्रिया नेहमीपेक्षा बदलते, असा त्यामागचा विचार. त्याच्या आधी चार वर्षं, १९०२ मध्ये, फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हा शब्द दिला होता. काही प्राण्यांना एखाद्या विषाचा पहिला डोस पचला, पण काही आठवड्यांनी त्याचाच अगदी थोडासा दुसरा डोस जीवघेणा ठरला, हे त्यांनी पाहिलं होतं. या कामासाठी रिशे यांना १९१३ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: अन्नाची ॲलर्जी म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने साध्या अन्नाला शत्रू समजणं. असं मूल तो पदार्थ खातं, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठतं, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. पदार्थ थोडासा असला तरी हे होऊ शकतं.

आता याच्या शेजारचे पण वेगळे प्रकार पाहा. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात, पण दही-ताक चालतं, तर तो बहुधा दुधातली साखर न पचण्याचा प्रकार असतो. त्रासदायक आहे, पण जीवघेणा नाही. गव्हाने आतड्याला इजा होणारा सिलिॲक आजार हाही वेगळा. त्याची तपासणी वेगळी, पथ्य वेगळं. वांगं खाल्लं की तोंडाला खाज सुटते, हा आणखी एक प्रकार. आणि भेंडी आवडत नाही म्हणून ‘मला ॲलर्जी आहे’ म्हणणारी दुसरीतली मंडळी तर आपण सगळेच ओळखतो! या सगळ्यांवर एकच लेबल लावलं की ज्याला खरा धोका आहे तो मुलगा त्या गर्दीत हरवतो.

तेल अवीवमधला एक प्रश्न

या विषयात एका संशोधकाचं काम प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावं असं मला वाटतं. त्यांचं नाव डॉ. गिडियन लॅक. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ते मुलांच्या ॲलर्जीचे प्राध्यापक आहेत. त्यांनी काय शोधलं हे महत्त्वाचं आहेच, पण ते कसं शोधलं हे आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

आधी पार्श्वभूमी. १९९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं वाढत चालली होती. म्हणून १९९८ मध्ये ब्रिटनच्या सरकारी सल्ल्यात सांगितलं गेलं की ज्या घरात ॲलर्जी, दमा, इसब आहे तिथल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसंच सुचवलं: धोका जास्त असलेल्या बाळांना दूध एक वर्षानंतर, अंडं दोन वर्षांनंतर, शेंगदाणा तीन वर्षांनंतर. ऐकायला किती पटतं! ज्याने त्रास होतो ते लांब ठेवा. पण अमेरिकेतल्या सर्वेक्षणांत मुलांमधलं शेंगदाणा ॲलर्जीचं प्रमाण १९९७ मध्ये ०.४ टक्के होतं, ते २००८ पर्यंत १.४ टक्क्यांवर गेलं. टाळून टाळून ॲलर्जी कमी झालीच नाही.

डॉ. लॅक एकदा इस्रायलमध्ये तेल अवीवला व्याख्यान द्यायला गेले होते. समोर सुमारे दोनशे डॉक्टर. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल किती जणांनी पाहिलं? हाच प्रश्न लंडनमध्ये विचारला असता तर जवळजवळ सगळे हात वर आले असते. इथे दोन-तीनच आले. असं का? इस्रायलमधली बाळं ‘बांबा’ नावाचा मक्याचा, शेंगदाणा लावलेला कुरकुरीत पदार्थ अगदी लहानपणापासून खातात, हे त्यांच्या लक्षात आलं.

इथे थांबून ‘लवकर खाल्लं की ॲलर्जी होत नाही’ असा निष्कर्ष काढता आला असता. व्हॉट्सॲपवर आपण रोज असेच निष्कर्ष वाचतो. पण दोन देशांत हवा वेगळी, राहणी वेगळी, माणसं वेगळी. म्हणून त्यांनी आधी तुलना नीट केली. ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची, म्हणजे वंशाने जवळच्या दोन गटांची, पाहणी केली. २००८ मध्ये निकाल छापला: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. जवळजवळ दहापट फरक.

तरीही हे निरीक्षणच होतं, पुरावा नव्हता. मग त्यांनी प्रयोग केला. त्याचं नाव ‘लीप’. ज्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी आहे, म्हणजे धोका जास्त आहे, अशी चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं निवडली. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत शेंगदाणा पूर्ण टाळायचा. दुसऱ्याने आठवड्यातून किमान तीनदा, मिळून सुमारे सहा ग्रॅम शेंगदाणा प्रथिन पोटात जाईल एवढं खायचं. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्या गटात पाचव्या वर्षी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. खाणाऱ्या गटात ३.२ टक्के.

तिथेही ते थांबले नाहीत. खाणं बंद केलं तर संरक्षण जातं का? त्याच मुलांना वर्षभर शेंगदाणा बंद करून पाहिलं. २०१६ मध्ये उत्तर आलं, संरक्षण टिकतं. मुलं किशोरवयात आल्यावर पुन्हा तपासली. २०२४ मध्ये उत्तर आलं, टाळणाऱ्या गटात १५.४ टक्के, खाणाऱ्या गटात ४.४ टक्के. मधल्या काळात २०१७ मध्ये अमेरिकेने आपला सल्ला बदलून जवळजवळ उलटा केला, आणि २०२५ मध्ये तिथल्या एका अभ्यासात लहान मुलांतल्या शेंगदाणा ॲलर्जीचं निदान बऱ्याच प्रमाणात घटल्याचं दिसलं.

निरीक्षण, प्रश्न, तुलना, प्रयोग, पुन्हा पडताळणी. विज्ञानाची हीच पायरी-पायरी आपण परिसर अभ्यासात शिकवायला बघतो ना? शिवाय यात आणखी एक धडा आहे. मोठमोठ्या डॉक्टरांच्या संघटनांनी दिलेला सल्ला चुकीचा निघाला आणि पुरावा आल्यावर त्यांनी तो जाहीरपणे बदलला. ‘डॉक्टर रोज नवीन सांगतात’ असं आपण वैतागून म्हणतो. पण चुकीचं तेच धरून बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

मग त्वचेचा काय संबंध?

डॉ. लॅक यांच्या कामाचा आणखी एक भाग आपल्या घरांना थेट लागू पडतो. २००३ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे चौदा हजार मुलांच्या माहितीवरून दाखवलं की ज्या बाळांच्या पुरळ आलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली गेली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. यावरून त्यांनी मांडलेला विचार असा: अन्न तोंडावाटे पोटात गेलं तर शरीर त्याला ओळखीचं मानायला शिकतं, तेच अन्न फाटलेल्या, इसब झालेल्या त्वचेतून आत गेलं तर शरीर त्याला शत्रू मानायला शिकू शकतं.

आता आपल्याकडची अंघोळ आठवा. बाळाला डाळीचं पीठ, मसुराचं पीठ, दुधाची साय, बदाम उगाळून. निरोगी त्वचेच्या बाळाबद्दल मी काही म्हणत नाही. पण ज्या बाळाचे गाल, कोपर, गुडघे लाल होऊन फाटले आहेत, पाणी सुटतंय, त्याच्या त्या कातडीवर पीठ-साय चोळण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. आजीच्या हातातली माया खरीच आहे. तिच्याशी वाद न घालता एवढंच म्हणता येतं, ‘आई, आधी इसब बरं होऊ दे.’

आपल्याकडचे आकडे काय सांगतात

‘हे सगळं परदेशातलं, आपलं काय?’ असा प्रश्न येणारच. आपल्या शेजारच्या कर्नाटकात यावर मोठं काम झालेलं आहे. म्हैसूरच्या जेएसएस वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. पी. ए. महेश आणि त्यांचे सहकारी ‘युरोप्रिव्हॉल’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहभागी होते. चीन, रशिया आणि भारत या तीन देशांतल्या मिळून पस्तीस हजारांहून जास्त शाळकरी मुलांची यात पाहणी झाली. २०२० मध्ये छापलेल्या निकालानुसार लक्षणंही आहेत आणि तपासणीही जुळते, अशी अन्नाची ॲलर्जी हाँगकाँगमध्ये १.५ टक्के मुलांत आढळली, तर भारतातल्या मुलांत ०.१४ टक्के. म्हणजे हजारात एक-दोन मुलं.

त्याच प्रकल्पातला भारतातल्या मोठ्या माणसांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. तो मला जास्त बोलका वाटतो. तपासणीत कुठल्या ना कुठल्या अन्नासाठी ‘पॉझिटिव्ह’ आलेले लोक होते २६.५ टक्के. पण खरोखर ॲलर्जी असण्याची शक्यता होती फक्त १.२ टक्के लोकांना!

पालकहो, हे दोन आकडे कृपया पुन्हा एकदा वाचा. रक्ताच्या तपासणीत एखाद्या पदार्थासमोर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असणं आणि तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हल्ली सर्दी-खोकला वारंवार होतो म्हणून शंभर-दीडशे पदार्थांची यादी असलेली तपासणी करून घेतली जाते. माझ्या वर्गात एका मुलीच्या आईने असा कागद आणून दाखवला होता. गहू, दूध, शेंगदाणे, तूरडाळ, टोमॅटो, वांगं, सगळ्यांसमोर खूण. यांतलं काही खाल्ल्यावर तिला कधी त्रास झाला होता का? तर नाही. पण कागद आल्यापासून सगळं बंद. डब्यात भात आणि राजगिऱ्याची वडी. मुलीचा चेहरा उतरलेला, मधल्या सुट्टीत एका कोपऱ्यात बसलेली. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन एकेक पदार्थ तपासून पाहायला त्या कुटुंबाला पुढे बरेच महिने लागले.

ॲलर्जी ठरते ती आधी इतिहासावरून: काय खाल्लं, किती वेळाने, काय झालं, दुसऱ्यांदा खाल्ल्यावरही झालं का. त्यानंतर त्या ठरावीक पदार्थाची त्वचेवरची किंवा रक्ताची तपासणी. शंका उरलीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दवाखान्यातच, थोडं थोडं खायला घालून पाहणं. इतिहास नसताना नुसती यादी हातात घेऊन ताट रिकामं करणं हे वैद्यकशास्त्र नव्हे.

आपल्या राज्यात तर ते परवडणारंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत आणि ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. शेंगदाणा, अंडं, दूध, डाळ ही आपल्या घरातली स्वस्त आणि भक्कम प्रथिनं. ती कारणाशिवाय काढून घेतली तर त्या जागी येतं काय? बिस्किटं, आणि पाच रुपयांचं पाकीट.

उष्टावणानंतरचे सहा महिने

आपल्याकडे उष्टावणाची पद्धत आहे. मुलाचं साधारण सहाव्या-आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या-सातव्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं अन्न सुरू. म्हणजे आपली परंपरा आणि आजचं शास्त्र इथे बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात.

अडचण पुढे येते. उष्टावण थाटात होतं, आणि नंतर अनेक घरांत वर्षभर फक्त वरण-भाताचं पाणी आणि नाचणीचं सत्त्व. ‘शेंगदाणा उष्ण पडतो’, ‘अंडं वर्षानंतर बघू’. डॉ. लॅक यांच्या कामाच्या उजेडात पाहिलं तर हे मागे ढकलणं बाळाच्या भल्याचं नाही. वरचं अन्न सुरू झाल्यावर एकेक नवा पदार्थ, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, थोड्या प्रमाणात द्यावा आणि सोसला तर चालू ठेवावा. शेंगदाणा द्यायचा तो भाजून अगदी बारीक कूट करून, पेजेत किंवा मऊ भातात कालवून. अख्खा दाणा किंवा अर्धा दाणासुद्धा पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, घशात अडकतो. अंडं द्यायचं तर पूर्ण शिजवलेलं.

दोन इशारे मात्र ठळकपणे. पहिला: बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झालेला असेल, तर शेंगदाणा घरी सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘लीप’मध्येसुद्धा प्रत्येक बाळाची आधी तपासणी झाली होती आणि ज्यांची त्वचेवरची प्रतिक्रिया मोठी होती त्यांना घेतलंच नव्हतं. दुसरा: हा सगळा विचार ॲलर्जी होऊ नये म्हणून आहे, झालेली ॲलर्जी बरी करण्यासाठी नाही. ज्या मुलाला एकदा ओठ सुजून श्वास लागलेला आहे त्याला ‘थोडं थोडं देऊन सवय लावू’ हा घरगुती प्रयोग कोणीही करू नये. तशी उपचारपद्धती आहे, पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या मात्रेनेच चालते.

आणि लेबल जन्मभराचं नसतं. दूध आणि अंड्याची ॲलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाणा, सुकामेवा, मासे, कोलंबी यांची बहुतेकदा टिकते. म्हणून दर वर्षा-दोन वर्षांनी डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्यायला हवी.

वर्गात आपण काय करायचं?

आता आपल्याकडे, शिक्षकांकडे येते. ‘जनगणना आम्ही करायची, निवडणूक आम्ही करायची, रोज ऑनलाइन माहिती आम्ही भरायची, आता हेही?’ हा प्रश्न रास्त आहे. मीही तो विचारते. पण वर्गात मूल सुजायला लागलं तर तिथे डॉक्टर नसतात, आपण असतो. म्हणून ज्याला फार वेळ लागत नाही असं चार-पाच गोष्टींत मांडते.

एक. प्रवेशाच्या वेळी किंवा जूनच्या पहिल्या पालकसभेत नुसतं ‘ॲलर्जी आहे का?’ असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा: कोणता पदार्थ? खाल्ल्यावर नेमकं काय झालं आणि किती वेळात? डॉक्टरांनी सांगितलंय का, लेखी आहे का? या तीन उत्तरांत आवडनिवड, पचनाची तक्रार आणि खरी ॲलर्जी बहुतेक वेळा आपोआप वेगळी होतात.

दोन. खरी ॲलर्जी असलेल्या मुलाचं नाव, पदार्थ, पालकांचे दोन फोन नंबर आणि डॉक्टरांची सूचना एका कागदावर. तो कागद हजेरीपत्रकात आणि मुख्याध्यापकांकडे. बदली शिक्षक आले, सहल कर्नाळ्याला निघाली, तर कागद सोबत. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनाही माहीत हवं. मूग-मटकीच्या उसळीत किंवा खिचडीत कूट पडलं की नाही हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

तीन. लक्षणं ओळखा. नुसतं अंगावर पित्त उठलं तर पालकांना फोन आणि मुलावर नजर. पण त्यासोबत श्वास लागतोय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय, आवाज बसलाय, जीभ सुजतेय, मूल गळून गेलंय, पुन्हा पुन्हा उलट्या होतायत, यांतलं काहीही दिसलं तर ते ॲनाफिलॅक्सिस समजून १०८ ला फोन. मुलाला आडवं करून पाय थोडे उंच ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या. उभं करून चालवू नका. यावर खरं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं जाणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. सर्दी-पित्ताची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशात पालक स्वतः टोचतील असं तयार पेन मिळतं, आपल्याकडे ते दुकानात सहज मिळत नाही. म्हणून आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. कामोठ्यात एमजीएमसारखं मोठं रुग्णालय वस्तीतच आहे. प्रत्येक शाळेने आपल्या सर्वांत जवळचं, चोवीस तास चालू असलेलं ठिकाण आधीच ठरवून ठेवावं. ‘आधी घरी फोन करू, ते आल्यावर बघू’ असं करत बसू नये.

चार. अंगतपंगत बंद करू नका. डबा वाटून खाणं ही आपल्या वर्गातली सुंदर गोष्ट आहे. एका मुलाच्या ॲलर्जीसाठी चाळीस मुलांचं वाटून खाणं थांबवायचं नाही, आणि त्या एकाला वेगळंही बसवायचं नाही. मुलांना समजावून सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा चांगली वागतात. माझ्या वर्गात कोलंबीने ओठ सुजणारा एक मुलगा होता. आधी त्याला चिडवणं चाललं होतं. एकदा सगळ्यांना नीट सांगितल्यावर डबे उघडण्याआधी ‘यात कोलंबी आहे का रे?’ असं मुलंच विचारायला लागली. वाढदिवसाला चॉकलेट वाटणाऱ्या पालकांनीही पाकिटाची बाजू एकदा वाचून पाठवावं.

पाच. पाकीट वाचणं हाच एक धडा करा. २०२० च्या भारतीय लेबल नियमांनुसार बंद पाकिटावर दूध, अंडं, मासे, कोलंबी-खेकड्यासारखे जलचर, शेंगदाणा-सुकामेवा, सोयाबीन, ग्लुटेन असलेलं धान्य यांपैकी काही असेल तर तसं लिहावं लागतं. तिसरी-चौथीच्या मुलांना बिस्किटाचं, चिक्कीचं, चॉकलेटचं रिकामं पाकीट आणायला सांगा. घटक शोधा, तक्ता करा, कोणत्या पाकिटात दूध लपलंय ते सांगा. भाषा, परिसर आणि गणित एका तासात होतं.

‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’

हे वाक्य सभेत एक तरी आजोबा बोलतातच. त्यात थोडं तथ्य आहे: आपल्याकडे अन्नाची खरी ॲलर्जी आजही कमी दिसते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हजारात एक-दोन मुलं म्हणजे मोठ्या शाळेत किंवा आसपासच्या दोन-तीन शाळांत मिळून एखादं मूल. त्या एका मुलासाठी हे सगळं कळून घ्यायचं. आणि उरलेल्या शेकडो मुलांना उगाच पथ्यावर टाकायचं नाही, त्यासाठीही हेच कळून घ्यायचं.

दुसरा आक्षेप येतो तो असा: आपल्याकडे घरोघरी शेंगदाण्याचं कूट आहे, म्हणूनच आपल्याला ॲलर्जी नाही, मग काळजी कशाला? हे खरं असू शकेल. पण डॉ. लॅक यांच्याकडून शिकायचं तर तेच आहे. पटणारी गोष्ट सुचली म्हणून ती सिद्ध होत नाही. त्यांनी तेल अवीवमध्ये पाहिलेल्या दोन-तीन हातांपासून ६४० बाळांच्या निकालापर्यंत पोचायला कैक वर्षं घालवली. आपण निदान मुलाच्या ताटातून एक घास काढून घेण्याआधी, किंवा त्याच्या तोंडात जबरदस्तीने घालण्याआधी, चार प्रश्न विचारण्याइतका वेळ द्यायला हरकत नाही.

पालकहो, ‘ॲलर्जी आहे’ म्हणण्याआधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, ‘ॲलर्जी आहे’ असं ऐकल्यानंतर ते खरं मानूनच कागदावर लिहून घ्या, शंका नंतर विचारा. येत्या पालकसभेत या विषयाला दहा मिनिटं द्या. तुमच्या शाळेत यासाठी काही वेगळी पद्धत असेल तर तीही जरूर कळवा, सगळ्यांनाच उपयोग होईल.